चार टिकल्या

नाशिकरोडला कुणाला सांगितलं की माझे वडील प्रेसमध्ये होते, तर समोरच्याच्या डोळ्यांपुढे नोटांची प्रेसच येते. सरकारी नोकरी, क्वार्टर, सायरन, तीन पाळ्या. मग मला पुढचं वाक्य जोडावं लागतं. त्या प्रेसमध्ये नाही, रविवार कारंजाजवळच्या एका लहान छापखान्यात, खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवायला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, घटक चाचण्यांचे पेपर आणि दशक्रिया विधीची कार्डं. रामकुंड जवळ असल्यामुळे शेवटच्या कामाला तोटा नसे, आणि ते नेहमी घाईचं असे. आप्पा जेलरोडहून सकाळच्या बसने द्वारकामार्गे जायचे आणि रात्री परतायचे तेव्हा त्यांच्या बोटांना शाईचा आणि घासलेटचा वास असायचा.

शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर जायची. देवनागरीच्या केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या पेटीत, इतके खाने असतात की लहान मुलाला तो मधमाश्यांचं पोळं वाटावा. आप्पा न बघता हात घालायचे आणि नेमका खिळा काढायचे. मला एकच काम दिलेलं होतं. मजकुरात कुणाचं बोलणं आलं, किंवा टोपणनाव आलं, की ते म्हणायचे, “उलटा दे.” म्हणजे स्वल्पविराम. स्वल्पविरामाचा खिळा स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, उलटा बसवला की तो खालून वर जातो आणि शेपटी फिरते. झालं उघडणारं अवतरणचिन्ह. बंद करायला मात्र इंग्रजीच्या केसमधली ती वरची खूण, अ‍ॅपॉस्ट्रॉफी. ‘कुसुमाग्रज’ असं छापायचं तर डावीकडे उलटा स्वल्पविराम आणि उजवीकडे ती खूण, आणि दोन्हींची तोंडं नावाकडे. “नावाला दोन्हीकडून हात धरून नेतात,” आप्पा म्हणायचे.

आज मी बावीस वर्षं मेनफ्रेमवर काम करते आहे, आधी पुण्यात आणि गेली काही वर्षं घरून, याच जेलरोडच्या घरातून. माझ्या कामाचा बराच भाग त्या खुणेभोवती फिरतो.

मेनफ्रेम म्हणजे बँका आणि विमा कंपन्यांचा रात्रीचा हिशोब करणारी मोठी यंत्रं. त्यांना काम सांगायची एक भाषा आहे, जेसीएल, जॉब कंट्रोल लँग्वेज. कोणता प्रोग्रॅम चालवायचा, कोणती फाइल द्यायची, छापील प्रत कुठे काढायची, एवढंच तिच्यात सांगायचं. आयबीएमने १९६४ साली सिस्टीम/३६० हे मेनफ्रेम जाहीर केलं आणि त्याच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर ही भाषा आली. ओळीची सुरुवात दोन तिरक्या रेघांनी, आणि ती ओळ म्हणजे खरं तर एक पंचकार्ड, भोकं पाडून मजकूर नोंदवायचं जाड कागदाचं कार्ड. कार्डाला ८० रकाने. मजकूर ७१व्या रकान्यापर्यंत, ७२वा पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी, आणि ७३ ते ८० क्रमांकासाठी, म्हणजे कार्डांचा गठ्ठा हातातून पडला तर पुन्हा लावता यावा. ते ८० रकान्यांचं कार्ड १९२८ सालचं. नाशिकरोडला नोटा छापायला लागले तेही १९२८ साली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण स्टेशनवरून घरी येताना प्रेसच्या भिंतीजवळ मला तो आकडा आठवतोच.

ओएस/३६० ज्यांच्या देखरेखीखाली तयार झालं ते फ्रेड ब्रूक्स पुढे जेसीएलबद्दल फार स्पष्ट बोलले. कुणीही, कुठेही बनवलेल्या भाषांमधली ही सगळ्यात वाईट, असं त्यांनी म्हटलं, आणि ती आपल्याच हाताखाली झाली हेही सांगितलं. कारणही त्यांनीच दिलं: आपण एक भाषा बनवतो आहोत हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कामाआधी ठेवायची चार कार्डं एवढंच तिच्याकडे पाहिलं गेलं. ब्रूक्स यांच्याबद्दल मला या एका कबुलीमुळे अतोनात आदर आहे. पण मी त्या भाषेचा राग करू शकत नाही. तिच्यावर माझं घर उभं आहे, आणि तिने मला अवतरणचिन्ह म्हणजे काय ते शिकवलं.

ते असं. प्रोग्रॅम चालवताना त्याला बाहेरून थोडा मजकूर द्यायचा असेल तर ‘पार्म’ नावाची सोय आहे. मशीनवर हे सगळं इंग्रजी मोठ्या अक्षरांत असतं, इथे मी देवनागरीत लिहिते. समजा, मी लिहिलं:

पार्म=नाशिक रोड

प्रोग्रॅमला काय मिळेल? फक्त ‘नाशिक’. जेसीएलमध्ये मोकळी जागा आली की सूचना संपली. त्यापुढे जे काही असेल ती लिहिणाऱ्याने स्वतःसाठी केलेली टिपणी समजली जाते. मशीन थांबत नाही, कुरकुर करत नाही, ‘रोड’ वाटेतच गळतो. नाशिक आणि नाशिकरोडमधलं अंतर आम्हा लोकांना सांगायला नको. ते टाळायला अवतरणचिन्हं:

पार्म='नाशिक रोड'

आता पूर्ण मजकूर पोचतो. मोकळी जागा, स्वल्पविराम, कंस, या खुणा एरवी मशीनला काहीतरी सांगत असतात. चिन्हांच्या आत आल्या की त्या गप्प होतात. अवतरणचिन्ह मशीनला म्हणतं: हे तुझ्यासाठी नाही. हे दुसऱ्याचं आहे, तू फक्त पोचव. माझ्या मते सगळ्या जेसीएलमधला सगळ्यात सभ्य नियम हाच.

अडचण तिथून पुढे सुरू होते, कारण इथे उघडणारी आणि बंद होणारी खूण एकच आहे. आप्पांच्या उलट्या स्वल्पविरामासारखी दिशा तिला नाही. सरळ उभी, दोन्हीकडून सारखी. मग आपण आत आहोत की बाहेर, हे मशीनला कसं कळणार? ते अक्षर अक्षर पुढे सरकतं. पहिली खूण दिसली, आत गेलं. पुढची खूण दिसली की एक अक्षर पुढे डोकावतं. लगेच तशीच दुसरी खूण असेल, तर ती मजकुरातलीच एक खूण, अजून आतच आहोत. नसेल, तर मजकूर संपला. म्हणून मजकुरात ती खूण हवी असेल तर ती दोनदा लिहायची. ओ'ब्रायन हे आयरिश आडनाव असं द्यायचं:

पार्म='ओ''ब्रायन'

एकदाच लिहिली, तर ‘ओ’नंतर मजकूर संपला असं मशीन समजतं आणि पुढच्या ‘ब्रायन’चं काय करावं ते त्याला कळत नाही. जॉब, म्हणजे मशीनला दिलेलं ते काम, सुरूच होत नाही. आमच्याकडे त्याला ‘जेसीएल एरर आला’ म्हणतात, आणि मला तो एरर आवडतो. तो निदान बोलतो.

मागच्या हिवाळ्यातली एक पहाट. आमचं काम एका ब्रिटिश विमा कंपनीचं आहे. त्यांच्याकडे रात्र पडते तेव्हा आपल्याकडे पहाट होत असते. निफाडकडे त्या दिवसांत द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, घड थंडीने जळू नयेत म्हणून. मी शाल पांघरून स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसले होते. आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे, सिडकोत राहते, कामाचं दुसरं वर्ष. पावणेचारला तिचा फोन आला.

“ताई, पत्राचा जॉब पडला. आडनावात तो कोट आहे ना, त्यामुळे.”

एका ग्राहकाचं पत्र पुन्हा काढायचं होतं. अशा एकेका पत्रासाठी एक छोटा जॉब आहे, त्याला पॉलिसी क्रमांक आणि नाव पार्ममधून द्यायचं. मला झोप येत होती. मी म्हटलं, “डबल कर ना तो कोट.”

ती म्हणाली, “केला. चालला ताई. झिरोने संपला.”

मी स्क्रीन बघितली नाही. जॉब शून्य कोडने संपला म्हणजे बिनचूक संपला, या सवयीवर मी चहा टाकायला उठले.

तिने दोन एकेरी खुणा टाकल्या नव्हत्या. डबल कोट टाकला होता, म्हणजे कीबोर्डवरचा तो एकच दुहेरी खुणेचा. पार्म='ओ"ब्रायन'. स्क्रीनवर '' आणि " शेजारी ठेवून बघा, विशेषतः पहाटे. मशीनच्या लेखी मात्र त्या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. मेनफ्रेमच्या अक्षरसंचात, इबसिडिकमध्ये, एकेरी खुणेचा संकेत ७डी, दुहेरीचा ७एफ. जेसीएलमध्ये मजकुराला कुंपण घालण्याचं काम एकेरी खूणच करते. दुहेरी खूण आत आली तर ते फक्त एक अक्षर. कुठलाही नियम मोडला नव्हता, म्हणून मशीनने निमूटपणे जसं दिलं तसं पोचवलं. पत्र छापलं गेलं, पाकिटात गेलं, टपालात पडलं.

तीन आठवड्यांनी त्या पत्राची स्कॅन केलेली प्रत आमच्याकडे आली. नवऱ्याच्या पॉलिसीचे पैसे त्याच्या मृत्यूनंतर बायकोला देण्याबद्दलचं ते पत्र होतं. तिने ते परत पाठवलं होतं. वर नावात, ओ आणि ब्रायनच्या मध्ये, दुहेरी खुणेभोवती निळ्या पेनाने गोल केला होता. शेजारी काहीही लिहिलं नव्हतं.

तो गोल मी पुष्कळ वेळ बघत बसले. आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचं आडनाव तसंच होतं, ‘डी’नंतर खूण असलेलं. वर्षाच्या पहिल्या दिवशी त्या फळ्यावर स्वतःचं नाव लिहायच्या आणि ती खूण खडू आडवा धरून ठळक करायच्या. “हे विसरलात तर ते माझं नाव नाही,” म्हणायच्या. आणि दशक्रियेच्या कार्डावर गेलेल्या माणसाच्या नावात एक वेलांटी चुकली म्हणून आप्पांनी स्वतःच्या पैशाने दोनशे कार्डं पुन्हा छापून दिल्याचं मला आठवत होतं. तेव्हा आई चिडली होती. मला तेव्हा आईचं पटलं होतं.

चूक माझी होती. ‘डबल कर’ या शब्दांत दोन अर्थ होते आणि मी कुठला ते सांगितलं नाही. मी तसं लेखी कळवलं. पत्र दुरुस्त होऊन गेलं, यावेळी सोबत क्षमा मागणारं दुसरं पत्र घेऊन.

नंतरच्या रविवारी त्या मुलीला मी घरी बोलावलं. मिसळ खाऊन झाल्यावर आम्ही कागदावर बसलो, स्क्रीनवर नाही. मला तिला थरांची गोष्ट सांगायची होती, कारण आमची बहुतेक कामं पार्ममध्ये थेट नाव लिहून होत नाहीत. मध्ये एक तयार साचा असतो, त्याला प्रोसिजर म्हणतात, बोलताना ‘प्रॉक’. त्यात लिहिलेलं असतं पार्म='&नाव', आणि नावाची किंमत, म्हणजे त्या जागी बसायचा मजकूर, आपण बाहेरून देतो. म्हणजे मजकूर दोन हातांतून जातो. पहिला हात बाहेरची चिन्हं काढतो आणि आतल्या दोन खुणांची एक करतो. मग ती किंमत साच्यात जाऊन बसते आणि दुसरा हात तेच पुन्हा करतो. आपण बाहेर दोन खुणा दिल्या तर दुसऱ्याच्या हातात एकच उरते, आणि पार्म='ओ'ब्रायन' होऊन बसतं. म्हणून बाहेरून चार द्यायच्या:

नाव='ओ''''ब्रायन'

चाराच्या दोन, दोनाची एक. प्रोग्रॅमपर्यंत एकच पोचते, जिची त्याला अपेक्षा आहे.

“म्हणजे आपल्याला आधीच माहीत पाहिजे, किती जणांच्या हातून जाणार आहे ते,” ती म्हणाली.

मी हो म्हटलं. जुन्या जॉबमध्ये अशा चार खुणा पाहून नवीन लोक ती चूक समजतात आणि दोन पुसून टाकतात. मी स्वतः पहिल्या वर्षी पुसल्या आहेत.

मग लांब मजकुराचं. अवतरणातला मजकूर एका ओळीत मावला नाही तर तो ७१व्या रकान्यापर्यंत पूर्ण भरायचा आणि पुढच्या ओळीत नेमका १६व्या रकान्यात सुरू करायचा. एरवी पुढची ओळ चौथ्यापासून सोळाव्यापर्यंत कुठेही सुरू केलेली चालते, पण अवतरण तोडलं असेल तर सोळावाच. एक रकाना पुढे गेलात, तर ती मोकळी जागा मजकुराचा भाग होते. लोक याला छळ म्हणतात. मला तो छळ वाटत नाही, कारण आत जी मोकळी जागा आहे ती दुसऱ्याची आहे, आणि ती आपल्या सोयीने वाढवायची की गाळायची हे मशीन ठरवत नाही. आप्पा ओळ भरायला शब्दांमध्ये पत्र्याचे तुकडे सरकवायचे तेव्हाही नाव मध्ये तुटू द्यायचे नाहीत. नाव तुटतंय असं दिसलं की आधीची अख्खी ओळ सैल करायचे.

पार्ममध्ये १०० अक्षरांपेक्षा जास्त बसत नाही. ही मर्यादा फार वर्षं होती, २०१३ साली झेड/ओएसच्या, म्हणजे मेनफ्रेमच्या आताच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या, २.१ आवृत्तीत पार्मडीडी आलं आणि मोठा मजकूर फाइलमधून देता यायला लागला. पण आमचे जुने जॉब अजून शंभरातच बसतात. कोबॉल या जुन्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमला हा मजकूर मिळतो तेव्हा त्याच्या आधी दोन बाइटांत लांबी मिळते, किती अक्षरं आली ते. ती लांबी न बघता जो शंभर अक्षरं वाचत सुटतो तो शेजारचं काहीही उचलून आणतो. हे मी तिला दोनदा सांगितलं.

ती वही मिटत होती तेव्हा मला आप्पांचा खिळा दाखवावासा वाटला. छापखाना बंद झाला तेव्हा खिळे भंगारात वजनावर गेले, पण एका डबीत त्यांनी थोडे ठेवले होते. त्यात एक स्वल्पविराम आहे. मी तो तिच्या तळहातावर ठेवला आणि उलटा करून दाखवला. तिने लगेच ओळखलं. “हा तर वर्डमधला कोट!”

बरोबर होतं तिचं. वर्डमध्ये किंवा मोबाईलवर आपण कोट टाकतो तेव्हा तो आपोआप वळतो, डावा वेगळा, उजवा वेगळा. त्या सगळ्या जुन्या खिळ्यांच्याच खुणा आहेत, दिशा असलेल्या. आणि त्याच मेनफ्रेमला चालत नाहीत. कुणीतरी ईमेलमधून जेसीएलची ओळ उचलून चिकटवतो, डोळ्यांना सगळं ठीक दिसतं, पण तिकडे त्या वळलेल्या खुणेचं भलतंच काही होऊन बसतं. माझ्या वडिलांच्या हातचं मला माझ्या कामात वापरता येत नाही, हे मला जरा लागतं.

मराठीत तर ही चिन्हं मुळात नव्हतीच. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडींनी इंग्रजीतली विरामचिन्हं आपल्याकडे रुजवली. मोडी लिहिणारे शब्दसुद्धा तोडत नसत. तरी दुसऱ्याचं बोलणं कुठे संपलं ते कळायचं, कारण भाषेतच त्याची खूण होती: ‘म्हणोन’. आजही आपण बोलताना तेच करतो. “येते म्हणून सांगितलंय तिने.” सुरुवातीला काही लागत नाही, शेवटी ‘म्हणून’ किंवा ‘असं’ आलं की आधीचं सगळं दुसऱ्याचं ठरतं. हे मी तिला सांगितलं नाही, ती गेल्यावर भांडी घासताना सुचलं.

जाताना दारात चपला घालताना तिने विचारलं, “पण ताई, फोनवर बोलताना म्हणायचं काय? कोट म्हटलं की गोंधळ, सिंगल-डबल म्हटलं की गोंधळ.”

मी म्हटलं, तूच सुचव.

तिने क्षणभर विचार केला. “टिकली,” म्हणाली. “एकेरी म्हणजे टिकली. दोन हव्या तर दोन टिकल्या, मोजून. आणि त्या दुसऱ्या खुणेला नावच नको, ती आपल्याला लागतच नाही.”

आता आमच्या टीममध्ये सगळे तेच म्हणतात. चेन्नईची दोन मुलं आहेत, तीही ‘टिकली’ म्हणतात. कुठल्याही जॉबमध्ये नाव दिलं की प्रोग्रॅमपर्यंत पोचलेलं नाव स्पूलमध्ये, म्हणजे जॉबचा छापील मजकूर जिथे जमा होतो तिथे, उघडून डोळ्यांनी वाचायचं, हा नियम मी लावला आहे. शून्य कोडवर कुणी उठत नाही.

परवा पुन्हा पहाटे फोन वाजला. बाहेर थंडी होती, पहिली गाडी स्टेशनकडे शिट्टी देत गेली.

“ताई, एक ओ'नील आहे. प्रॉकमधून जातोय. चार टिकल्या?”

“चार. मोजून वाच मला.”

तिने वाचल्या. मी लॅपटॉप उघडून तिच्याबरोबर स्पूल येण्याची वाट बघत बसले.